टायनीएसए घ्यावं का? खिंडसीवरच्या बोटीत वापरल्यावरचा रिव्ह्यू

टायनीएसए म्हणजे आजूबाजूचे रेडिओ सिग्नल स्क्रीनवर दाखवणारं छोटं यंत्र. विकत घ्यायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या, रेडिओत गडबड करणारा डबा कोणता ते हे यंत्र सांगत नाही. गडबड कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आहे आणि किती जोराची आहे, तेवढंच सांगते. डबा शोधायचं काम आपलं. व्हिडिओ पाहून लोकांना वाटते की अँटेना लावला, स्क्रीनवर रेष वर गेली, चोर सापडला, खेळ खल्लास. असं काही नसते बाप्पा.

तरी माझे पैसे वसूल झाले. कसे झाले ते जरा सविस्तर लिहून राहिलो, कारण बोटीतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे रेडिओत येणाऱ्या खरखरीबद्दल इंग्रजीत जे काही मिळते ते सगळं समुद्रावरच्या बोटींचं आहे, आणि आपल्या विदर्भात समुद्र कुठला, आपल्याकडे धरणं न् तलाव.

बोट आमच्या ओळखीतल्या काकांची, फायबरची, रामटेकच्या पुढे खिंडसी तलावावर असते, टुरिस्ट लोकांना फिरवतात. मी नागपुरात राहतो, लायसन्सवाला हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला आहे, म्हणून रेडिओचं काही बिघडलं की फोन मलाच येतो. बोटीवर सामान वाढत वाढत गेलेलं, छतावर सोलर पॅनल, खाली १२ व्होल्टची बॅटरी, मोबाइल चार्जिंगचे पॉइंट, म्युझिक सिस्टिम, संध्याकाळसाठी एलईडी, तळातलं पाणी उपसायचा पंप, खोली दाखवणारं सोनार, पुढे-मागे कॅमेरे. प्रत्येक वस्तू वेगळ्या माणसाने वेगळ्या वेळी बसवलेली, वायर जिथून जागा मिळाली तिथून ओढलेली. काकांच्या तक्रारी दोनच होत्या. एक म्हणजे आकाशवाणी नागपूर लावलं की ५८५ किलोहर्ट्झवर शिट्टी. दुसरी, अंधार पडून लाइट लावले की धक्क्यावरच्या पोराशी वॉकीटॉकीवर बोलणं तुटते. पहिली तक्रार त्यांच्या जिव्हाळ्याची, पण दुसरी खरी गंभीर, कारण बोटीत लहान लेकरं असतात आणि वारा सुटला की काठावरच्या माणसाशी बोलता आलंच पाहिजे. (सेट ४४६ मेगाहर्ट्झवाले आहेत, ४४६.० ते ४४६.२ हा पट्टा भारतात कमी पॉवरच्या सेटसाठी २०१८ पासून विनालायसन्स आहे. ऑनलाइन जे मोठ्या पॉवरचे स्वस्त सेट दिसतात ते लायसन्सशिवाय वापरणं बेकायदेशीर, तेवढं लक्षात ठेवा.)

आता यंत्र काय आहे ते. एका डच माणसाने डिझाइन केलेला खिशात मावणारा स्पेक्ट्रम ॲनालायझर (कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती जोराचा सिग्नल आहे ते दाखवणारं यंत्र), २०२० मध्ये आला. २.८ इंची टच स्क्रीन, आतमध्ये बॅटरी, वर दोन सॉकेट. एक खालच्या पट्ट्यासाठी, १०० किलोहर्ट्झ ते ३५० मेगाहर्ट्झ, दुसरं वरच्यासाठी, २४० ते ९६० मेगाहर्ट्झ. सोबत दोन छोट्या केबल, ताणून लांब होणारा एक अँटेना आणि केबल जोडायचा एक जोड येतो. अल्ट्रा नावाचं मोठं भावंडही आहे, ४ इंची स्क्रीन, मेमरी कार्ड, आतमध्ये ॲम्प्लिफायर, पण या कामाला साधं पुरते. बाजारात नकली भरपूर आहेत आणि वरून ओळखू येत नाहीत, म्हणून पार्सल उघडल्या उघडल्या दोन्ही सॉकेट सोबतच्या केबलने एकमेकांना जोडा आणि मेनूत सेल्फ टेस्ट आहे ती चालवा. सगळे टप्पे हिरवे आले तर ठीक. एखादा लाल आला तर परत पाठवा, विकणारा म्हणेल "सर, फर्मवेअर अपडेट करा, होऊन जाईल", त्याच्या नादी लागू नका.

शिट्टीचं प्रकरण आधी घेतो. काका म्हणे, "भाऊ, बातम्या सुरू झाल्या का शिट्टी बी सुरू होते, अन् दुपारी तिचा आवाज बदलते." हे दुपारचं ऐकूनच मला अर्धं उत्तर मिळालं होतं, कारण उन्हात तापून ज्याचा आवाज बदलते ते बाहेरचं स्टेशन नसते, तो बोटीतलाच कोणता तरी स्विचिंगवाला, म्हणजे भराभर चालू-बंद होऊन व्होल्टेज बदलणारा सर्किट असते, त्याची फ्रिक्वेन्सी गरमीने सरकते.

आणि इथे खरं काम कोणी केलं तर काकांच्या सेलवर चालणाऱ्या जुन्या ट्रान्झिस्टरने. टायनीएसए पिशवीतच होतं. पद्धत अशी, इंजिन बंद, बॅटरीचा मेन स्विच बंद, ब्लूटूथ स्पीकर न् पॉवर बँक अशा ज्या गोष्टींना स्वतःची बॅटरी आहे त्याही बंद, म्हणजे बोट पूर्ण मुकी. तरीही खरखर असेल तर ती बोटीची नाही, धक्क्यावरच्या इन्व्हर्टरची किंवा वरून जाणाऱ्या लाइनची, मग बोटीत डोकं खुपसून उपयोग नाही. नंतर मेन चालू करून एकेक फ्यूज लावत जायचा, एका वेळी एकच. रेडिओ स्टेशनवर लावायचा नाही बरं का, शेजारच्या रिकाम्या जागेवर लावायचा, नाहीतर आकाशवाणीच खरखरीला झाकून टाकते. चार्जिंग पॉइंटचा फ्यूज लावला आणि रेडिओ बोंबलला.

ट्रान्झिस्टरच्या पोटात एएमसाठी फेराइटची आडवी दांडी असते, तिचं टोक आवाजाच्या उगमाकडे केलं की आवाज पडते, आडवी धरली की वाढते, त्यामुळे रेडिओ हातात फिरवून दिशा काढता येते. अगदी जवळ गेल्यावर हा नियम बिघडते, तिथे नुसतं वाढते की कमी होते तेवढं पाहायचं. दिशा स्टीअरिंगखालच्या खणाकडे. आत बोटाएवढा एक निळा मॉड्यूल, १२ चे ५ व्होल्ट करणारा, एलएम २५९६ वाला, जो आपल्याकडे कोणत्याही पार्टच्या दुकानात शंभरेक रुपयांत मिळते आणि जो अर्ध्या भारताच्या गाड्या, रिक्षा, बोटींत घुसलेला आहे.

आता टायनीएसए काढलं. जाड कोॲक्सच्या ऐवजी पातळ केबलच्या टोकाला अंगठीएवढा वेढा करून घेतला आणि त्यावर हीट-श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी प्लॅस्टिकची नळी, चढवलं. ते चढवाच, कारण उघडी तार बॅटरीच्या टर्मिनलला लागली तर यंत्राचं इनपुट गेलं समजा. हा वेढा मॉड्यूलजवळ नेला आणि स्क्रीनवर कंगव्याचे दात उभे राहिले, सारख्या अंतरावर, एकामागे एक. याच चित्रासाठी हे यंत्र घ्यायचं. दोन दातांमधलं अंतर म्हणजे त्या सर्किटची मूळ फ्रिक्वेन्सी, आणि प्रत्येक दात तिच्याच पटीत, दुप्पट, तिप्पट, चौपट. कागदावर एलएम २५९६ ची १५० किलोहर्ट्झ असते, याची निघाली १४६ च्या आसपास. जवळचे दोन दात मोजण्यापेक्षा दहावा दात मोजून दहाने भागा, जास्त नेमकं येते. आता १४६ ला चारने गुणा. ५८४. आकाशवाणीच्या ५८५ च्या अगदी खेटून! दोघांमधला फरक म्हणजे ती शिट्टी. दुपारी मॉड्यूल तापला, फ्रिक्वेन्सी सरकली, फरक बदलला, शिट्टीचा आवाज बदलला. काकांना हे कागदावर करून दाखवलं, ते म्हणे, "म्हणजे दुसरा बसवला असता त शिट्टी आलीच नसती?" बरोबर आहे त्यांचं, दुसरा मॉड्यूल १५२ चा निघाला असता तर चौथा दात ६०८ वर पडला असता आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

एवढं कळायला यंत्र लागलं का? डबा शोधायला नाही लागलं, ते ट्रान्झिस्टरने केलं. पण शिट्टी याचीच, दुसऱ्या कशाची नाही, हे पक्कं करायला लागलं, आणि नंतर उपाय केल्यावर फरक खरंच पडला की आपल्याला वाटून राहिलं, हे पाहायला तर लागतेच लागते. कान लवकर फसतात. दुरुस्ती केली की माणसाला सुधारल्यासारखंच वाटते.

उपायाबद्दल थोडं जास्त लिहितो कारण इथेच लोकांचे पैसे पाण्यात जातात. इंटरनेटवर सगळीकडे एकच सल्ला, क्लिपवाला फेराइट लावा, म्हणजे वायरवर बसणारं, गोंगाट अडवणारं काळं चुंबकीय मटेरियल. ऑनलाइन पाकिटं मिळतात, वेगवेगळ्या साइजचे काळे डबे, कोणत्या मटेरियलचे ते कुठेच लिहिलेलं नसते. एक क्लिप वायरला लावली, टायनीएसएवर पाहिलं, ५८५ जवळ रेष जागची हलली नाही. हलणारही नव्हती. फेराइटचं मटेरियल फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलते, ज्याला ३१ नंबरचं मिक्स म्हणतात ते साधारण १ मेगाहर्ट्झच्या वर कामाला येते, ४३ नंबरचं २५ च्या वर, आणि एएमसारख्या खालच्या पट्ट्यासाठी ७५ किंवा ७७ नंबरचं लागते. त्यात वायर नुसती आरपार गेली तर तो एकच वेढा. वेढे वाढवले की अडथळा वर्गाने वाढते, तीन वेढे घातले तर तिप्पट नाही, नऊपट. क्लिपच्या भोकात जाड वायरचे तीन वेढे बसतच नाहीत, ही खरी अडचण.

म्हणून नागपुरातल्या बर्डीच्या बाजारात गेलो. मोदी नंबरच्या गल्ल्यांत पार्टवाले न् रिपेअरवाले दोन्ही आहेत. एका दुकानात फेराइट मागितला तर त्याने स्पीकरचं चुंबक काढून दाखवलं, दुसऱ्याला बरोबर कळलं पण त्याच्याकडे नव्हता. मग एका रिपेअरवाल्याकडे बंद पडलेले कॉम्प्युटरचे एसएमपीएस (पॉवर सप्लायचे डबे) पडले होते, ते भंगाराच्या भावात उचलले. प्रत्येक धड एसएमपीएसमध्ये, जिथे २३० व्होल्ट आत येतात तिथे, एका फेराइटच्या रिंगवर दोन वाइंडिंग केलेला चोक, म्हणजे गोंगाट अडवणारं तारेचं वेटोळं असते. हा चोक नेमका खालच्या फ्रिक्वेन्सीसाठीच बनवलेला असते. (अगदी स्वस्तातल्या एसएमपीएसमध्ये त्या जागी नुसत्या दोन वायरचे तुकडे जोडलेले निघतात, उघडून पाहून घ्या.) मॉड्यूलच्या इनपुटला चोक घातला, दोन्ही बाजूंना १०४ चा (०.१ मायक्रोफॅरडचा) सिरॅमिक कपॅसिटर, सगळं पत्र्याच्या छोट्या डबीत, डबी निगेटिव्हला, आणि प्लस-मायनस वायर एकमेकींना पिळून घेतल्या. पिळायला पैसे लागत नाहीत आणि फरक मोठा पडते, कारण प्लस एका बाजूने आणि मायनस दुसऱ्या बाजूने गेली की मधला सगळा घेर अँटेना होऊन बसते. काकांच्या बोटीत मायनस वायर तळातून आणि प्लस छताखालून गेली होती, म्हणजे अख्खी बोटच वेढ्यात. चोकच्या वायरची जाडी मात्र पाहा, दोन-तीन अँपिअरच्या वर त्याच्याकडून काम घेऊ नका, तापते.

टायनीएसएवर चौथा दात तीसेक डीबी खाली गेला, म्हणजे त्याची पॉवर साधारण हजाराव्या हिश्श्यावर आली. ट्रान्झिस्टर मॉड्यूलला चिकटवला तर अजूनही ऐकू येते, हातभर लांब नेला की बातम्या स्वच्छ.

आता ४४६ ची भानगड. इथे यंत्राने आपली किंमत वसूल केली.

लाइट लावले की वॉकीटॉकी तुटते म्हटल्यावर सगळ्यांचा संशय एलईडीवर. संशय हवेतला नाही, अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २०१८ मध्ये यावर जाहीर इशाराच दिला होता की बोटीवरच्या एलईडीमुळे व्हीएचएफ रेडिओ आणि एआयएस (जहाजांची जागा न् ओळख सांगणारी यंत्रणा) बिघडून राहिले. त्यात दिलेली चाचणी कोणालाही घरी करता येते. एलईडी बंद ठेवा, रेडिओ शांत चॅनेलवर लावा, स्क्वेल्च (रिकाम्या चॅनेलची खरखर दाबणारं बटण) अशा जागी आणा की खरखर नुकतीच थांबली, आता एलईडी लावा. खरखर परत आली तर एलईडीने आवाजाची पातळी वाढवली. विनायंत्राची, फुकटची चाचणी आहे, आधी ही करा. माझ्या हॅमच्या हँडसेटवर, १४५ मेगाहर्ट्झच्या जवळ, खरखर लगेच आली. झालं, एलईडी दोषी, बदला सगळे, काका तर दुकानात फोन लावायला निघाले होते.

पण १४५ म्हणजे ४४६ नाही. वॉकीटॉकीच्या त्या सेटला स्क्वेल्च फिरवायची सोयच नाही, तो आत ठरवून दिलेला, म्हणजे कानाने काहीच कळत नाही, समोरचा ऐकू येतो नाहीतर येत नाही. टायनीएसएचं वरचं इनपुट, अँटेना सेटजवळ धरून, ४४० ते ४५० चा पट्टा लावला. लाइटचं बटण दाबलं, पट्ट्यात फुगवटा आला आणि त्यावर बारीक बारीक सुया. मग बटणामागचे फ्यूज एकेक काढले. एलईडीचा काढला, फुगवटा तिथेच! कॅमेऱ्याचा काढला, साफ. कॅमेरे बसवणाऱ्याने सोयीचं म्हणून त्यांची लाइन लाइटच्याच बटणावर घेतली होती, वायर नेमकी वॉकीटॉकीच्या स्टँडमागून नेली होती. एलईडी १४५ आणि एफएमच्या पट्ट्यात घाण करत होते हे खरं, १००.६ वरची विविध भारती त्यांच्यामुळेच खरखरत होती, पण ४४६ शी त्यांचा संबंध नव्हता. यंत्र नसतं तर काकांनी सगळे एलईडी बदलले असते आणि बोलणं तरीही तुटलं असतं.

कॅमेऱ्याची वायर स्टँडपासून दूर नेली, दोन्ही टोकांना त्याच ऑनलाइन पाकिटातल्या क्लिपा लावल्या. आणि इथे त्या चालल्या! ४४६ वर एकदा आरपार गेलेल्या वायरलाही क्लिप बऱ्यापैकी अडवते. तीच क्लिप, तीच बोट, ५८५ किलोहर्ट्झला शून्य आणि ४४६ मेगाहर्ट्झला कामाची, म्हणून "फेराइट लावून पाहिलं, काही होत नाही" असं कोणी म्हटलं की आधी फ्रिक्वेन्सी विचारा.

एलईडीबद्दल एक सांगायचं राहिलं. साध्या १२ व्होल्टच्या पट्ट्या, ज्यांत दर तीन एलईडीला एक रेझिस्टर असते, त्या स्वतः गप्प असतात, आवाज करते तो त्यांचा रिमोटवाला डिमर. आणि ज्या फ्लडलाइटच्या खोक्यावर "१० ते ३० व्होल्ट" लिहिलं आहे त्यात हमखास स्विचिंग ड्रायव्हर असते. काकांचे फ्लडलाइट तसलेच. घेताना हे वाचून घेतलं तर पुढचा ताप वाचते.

सोलरचा कंट्रोलर तपासायला यंत्रही नको न् फ्यूजही नको, पॅनलवर ताडपत्री टाका. खरखर गेली तर तोच. पॅनलच्या लांब वायरा म्हणजे आयते अँटेने. काकांचा कंट्रोलर साधा पीडब्ल्यूएमवाला आहे, त्यातून फारसं काही निघालं नाही. पंपाला ब्रशची मोटर आहे, ती चालली की घर्रर्र होते, मोटरच्या दोन टोकांत १०४ लावला, संपलं. सोनार २०० किलोहर्ट्झवर ठोके टाकते, त्याचा तिसरा गुणक ६०० वर, म्हणून एएमवर टिक टिक ऐकू येते. त्याला काही केलं नाही. तलाव काकांना तोंडपाठ आहे, बातम्यांच्या वेळी ते सोनार बंद ठेवतात.

आता यंत्राच्या खोडी, कारण रिव्ह्यू आहे, आरती नाही.

उन्हात स्क्रीन दिसत नाही. बिलकुल नाही. एप्रिल-मेमध्ये पाण्यावर दुपारी हे यंत्र म्हणजे काळी काच, डोक्यावरचा दुपट्टा काढून यंत्रावर आणि आपल्या तोंडावर घेऊन आत पाहावं लागते, लोकांना वाटते याला काय झालं. स्टायलस लागतो, बोटाने मेनूत दुसरंच काही दाबलं जाते. चार्जिंगला लावून मोजू नका, चार्जरची घाण स्क्रीनवर येते आणि तुम्ही ती बोटीत शोधत बसता. बॅटरी दोनेक तास जाते, पुरते. पाण्यापासून बचाव काहीच नाही, साधी झिपवाली पिशवी वापरा.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे भुतं, म्हणजे नसलेले सिग्नल. वरच्या इनपुटला फिल्टर तेवढे चांगले नाहीत, जोराचा सिग्नल जवळ असला की तो दुसऱ्याच जागी दिसते. खिंडसीवर हा त्रास कमी, पण तेच यंत्र नागपुरात गच्चीवर लावलं तर एफएम न् मोबाइल टॉवरने स्क्रीन भरून जाते. खालच्या इनपुटवर खरं-खोटं ओळखायची युक्ती सोपी आहे, मेनूतून ॲटेन्युएशन, म्हणजे आत येणारा सिग्नल दाबणं, १० डीबी वाढवा. खरा सिग्नल जागेवर राहते, कारण यंत्र आकडा स्वतः सुधारून घेते, भूत मात्र खाली पडते किंवा गायब होते. ही युक्ती माहीत नसेल तर या यंत्राने डोकं फिरते, मग लोक रिव्ह्यूत लिहितात की माल खराब आहे.

समुद्राच्या बोटींसाठी लिहिलेला एक सल्ला तपासल्याशिवाय उचलू नका, तळाला तांब्याची पट्टी लावून पाण्याशी अर्थिंग करा, सगळा गोंगाट पाण्यात जाईल. समुद्राचं पाणी खारट, वीज चांगली वाहते. तलावाचं गोडं पाणी त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढंही वाहत नाही. त्यात फायबरची बोट, लोखंडाच्या बोटीसारखं आडोसा धरायला काही नाही. इथे वायर पिळणं, जवळच्या जवळ अडवणं आणि दूर ठेवणं हेच चालते, तांब्याचे पैसे वाचवा.

एक काम या यंत्राला जमत नाही. इंजिनचा स्पार्क. स्पार्क म्हणजे क्षणभराचा फटका, आणि टायनीएसए पट्टा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चाळत जाते, फटका बसला तेव्हा ते दुसरीकडेच पाहत असते. मॅक्स होल्ड (सगळ्यात उंच गेलेली रेष धरून ठेवायची सोय) लावून ठेवला तर हळूहळू काहीतरी जमा होते, पण त्यावरून कळत नाही की हे स्पार्क आहे की पंप. ट्रान्झिस्टरवर लगेच कळते, टक् टक् टक्, आणि ॲक्सिलरेटर दिला की टकटक जलद होते. यावर उपाय रेझिस्टरवाला प्लग, ज्याच्या नंबरात आर अक्षर असते, उदाहरणार्थ बीपी ऐवजी बीपीआर. इंजिनच्या पुस्तकात जो चालतो तोच घ्यायचा, मनाने नाही. काकांच्या मेकॅनिकला सांगितलं तर तो म्हणे, "रेडिओसाठी कोणी प्लग बदलते का भाऊ, इंजिन त बराबर चालून राहिलं." प्लग मी आणून देऊन ठेवले आहेत, पुढच्या सर्व्हिसिंगला टाकतो म्हणाला.